फोन ठेवून निघून जाऊ नका: जखमी प्राणी दिसला की आम्हाला फोन करणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

ताईंनो, दादांनो, काका-काकूंनो, आणि आईच्या मोबाईलवरून हळू आवाजात फोन करणाऱ्या शाळेतल्या पोरांनो,

तुमचा आवाज मी रोज ऐकते पण तुमच्यापैकी बहुतेकांना मी कधी पाहिलेलं नाहीये. आमच्या छोट्या ग्रुपचा रेस्क्यूचा फोन दिवसा माझ्याकडे असतो आणि रात्री ज्याची पाळी असेल त्याच्याकडे. फोन उचलला की पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं, "इथे एक कुत्रं पडलंय, लवकर कोणालातरी पाठवा", आणि मी नक्की कुठे, असं विचारेपर्यंत मागे गाडी सुरू झाल्याचा आवाज येतो. म्हणजे फोन करणारा माणूस निघालेला असतो. मला आज एवढ्याबद्दलच लिहायचंय. तुम्ही थांबून फोन लावलात, नंबर शोधलात, हे खरंच मोठं काम केलंत, तुमच्या आधी त्याच रस्त्याने किती जण नुसतं बघून गेले असतील. पण आम्ही पोचेपर्यंतच्या त्या अर्ध्यापाऊण तासात तुम्ही तिथे आहात की नाही, यावर त्या जनावराचं पुढचं सगळं ठरतं, आणि ही गोष्ट आम्ही कधी नीट सांगितलीच नाही, म्हणून हे पत्र.

दोन फोन सांगते, एकाच आठवड्यातले. पहिला फोन, "पुलाखाली मांजर आहे, गाडीने उडवलंय, तोंडातून रक्त येतंय." पूल कुठला ते सांगितलं आणि फोन बंद. आम्ही दोघी पोचलो तेव्हा पूल होता, रक्ताचा ओला डाग होता, मांजर नव्हतं. जखमी मांजर पडून राहत नाही, जीव असेपर्यंत ते सरपटत का होईना पण जिथे कोणाचा हात पोचणार नाही अशा जागी जाऊन बसतं आणि मग तुम्ही कितीही हाका मारा, आवाज करत नाही. आम्ही दोन तास टॉर्च घेऊन झुडपं, पाईप, उभ्या गाड्यांच्या खाली, सगळं बघितलं, फोन करणाऱ्याला परत फोन लावला तर तो म्हणाला मी तर घरी पोचलो, मला आता कसं सांगता येईल. तिसऱ्या दिवशी वास आला म्हणून सापडलं. डागापासून पंधरा पावलांवर, एका फुटक्या पाईपच्या तोंडाशी. त्या पाईपसमोरून त्या रात्री मी स्वतः तीनदा तरी गेले होते.

दुसरा फोन एका डिलिव्हरीवाल्या मुलाचा. रस्त्यावर कुत्री पडलेली, उठता येत नव्हतं. त्याने मला सांगितलं की मला अजून दोन ऑर्डर द्यायच्यात पण मी थांबतो. पोचायला आम्हाला जवळजवळ तास लागला, आणि तेवढा वेळ त्याने बाईक आडवी लावून, लाईट चालू ठेवून, तिच्यापासून चारपाच हात लांब रस्त्यावर बसून काढला होता. हात लावला नाही, पाणी पाजलं नाही, फक्त गाड्या बाजूने वळवत राहिला आणि तिच्याकडे बघत राहिला. आम्ही गेल्या गेल्या त्याने न विचारता सांगितलं, मागचे पाय ओढतेय, डावा थोडा हलवते उजवा अजिबात नाही, एकदा सू केली, त्यात रक्त नव्हतं, आणि मी बोललो तेव्हा शेपटी हलवली. दवाखान्यात डॉक्टरांना आम्ही हे सगळं जसंच्या तसं सांगितलं तर ते हातातलं काम थांबवून म्हणाले, शेपटी हलली हे नक्की कोणी पाहिलं? कारण मागचा भाग गेलेलं कुत्रं आलं की पहिली भीती मणक्याची असते, आणि माणसाचा आवाज ऐकून शेपटी हलतेय म्हणजे मेंदूचा निरोप मागपर्यंत पोचतोय. एक्स-रे काढला, मणका शाबूत होता, कंबरेचं हाड मोडलं होतं. ते हाड बऱ्याचदा ऑपरेशन न करता, सहा आठवडे पिंजऱ्यात हालचाल बंद ठेवून जुळतं. तिचं जुळलं.

त्या मुलाला वैद्यकीय काहीही येत नव्हतं. तो फक्त थांबला होता.

आता आम्ही कोण ते सांगते, कारण फोनवरच्या बोलण्यातून कळतं की बऱ्याच जणांना वाटतं आम्ही म्हणजे एखादं ऑफिस आहे, तिथे गाड्या उभ्या आहेत, ड्रायव्हर बसलेत, बटण दाबलं की कोणीतरी निघतं. आमच्यात एक शाळेतल्या बाई आहेत, एक रिटायर झालेले काका आहेत, दोन कॉलेजची पोरं, एक ताई ज्यांचं बाळ अजून रांगतंय, आणि मी, नोकरी करणारी. तुमचा फोन आला की मी ग्रुपवर टाकते, कोण जवळ आहे, कोणाकडे गाडी आहे, जाळी कोणाच्या घरी पडलीये, क्रेट म्हणजे प्राणी न्यायचा पिंजरा कोणाकडे आहे, कुठला डॉक्टर आत्ता दवाखाना उघडेल. आणि सगळ्यात शेवटचा प्रश्न, जो सगळ्यात अवघड असतो, उपचार झाल्यावर ठेवायचं कुठे. कारण उचलून आणणं हे तासाभराचं काम असतं. त्या कुत्रीचे सहा आठवडे कोणाच्या तरी घरी काढायचे होते, रोज दोनदा खालची चादर बदलायची, एकाच कुशीवर पडून जखम होऊ नये म्हणून कूस बदलायची, सू-शी होतेय का बघायचं, लिहून ठेवायचं. ते काकांनी केलं. त्यांच्या बाल्कनीत. याला आम्ही फोस्टर म्हणतो, आणि खरं सांगायचं तर आमच्यासारख्या कुठल्याही ग्रुपची ताकद किती हे मोजायचं असेल तर फोस्टरची घरं किती आहेत तेवढंच मोजा, बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून असतं. घर रिकामं नसेल तर मला फोनवर थांबा सांगावं लागतं, आणि तो शब्द उच्चारताना मला किती त्रास होतो हे तुम्हाला समोरून दिसत नाही.

काही जण त्यावर चिडतात. "मग तुम्ही एनजीओवाले कशाला आहात?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. मी उलट उत्तर देत नाही, कारण मला माहितीये की समोरचा माणूस एका तडफडणाऱ्या जिवापाशी उभा आहे आणि त्याला काय करावं सुचत नाहीये, तो राग माझ्यावर नाहीये. पण आमच्यातल्या एका मुलीने असं ऐकून ऐकून फोन घेणंच सोडलं. फार चांगली होती ती, चवताळलेल्या मांजरालासुद्धा टॉवेलमध्ये असं गुंडाळायची की ओरखडा येत नसे. एका रात्री तीन फोन, तिन्ही जनावरं गेली, आणि चौथ्या फोनवर शिव्या. त्यानंतर ती आली नाही. आम्हीही परत ये म्हणून आग्रह केला नाही.

तर आता थांबायचं म्हणजे काय करायचं ते सांगते. जवळ जायची घाई करू नका. दुखत असलेलं कुत्रं, तुमचं स्वतःचं पाळलेलं असलं तरी, चावू शकतं, त्यात त्याचा दोष नसतो. चारपाच हात लांब, थोडं बाजूला बसा, समोर उभं राहून वाकू नका. फोटो काढा, एक लांबून जागा कळेल असा आणि एक जखमेचा, आणि लोकेशन पाठवा. मग बघत राहा. श्वास कसा चाललाय, तोंड उघडं आहे का (मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल तर ते लगेच सांगा, मांजराच्या बाबतीत ते फार वाईट लक्षण आहे), कुठला पाय टेकत नाही, रक्त ठिबकतंय की धार लागलीये. ते उठून चालायला लागलं तर मागे पळू नका, नुसतं लांबून बघा कुठे जातंय. गाडीचा धक्का बसलेलं कुत्रं कधीकधी उठून चांगलं शंभर पावलं पळतं, आणि लोक म्हणतात बरं झालं, काही लागलं नाही, आणि आत रक्तस्राव चालू असतो.

पाणी तोंडात ओतू नका. ही चूक सगळ्यात प्रेमळ माणसं करतात. शुद्ध अर्धवट असलेल्या जनावराला गिळता येत नाही, ते पाणी फुप्फुसात जातं. वाटीत समोर ठेवा, पिणारं पिईल. आणि कृपा करून घरातली दुखण्याची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एका गोळीने मांजर जाऊ शकतं, त्याच्या शरीराला ते पचवताच येत नाही. कुत्र्याला आयबुप्रोफेन दिलं की पोटात अल्सर होतात आणि किडनी बसते. माझ्याकडे एक मांजर असं आलं होतं, हिरड्या चॉकलेटी पडलेल्या, आणि ज्या आजींनी गोळी दिली होती त्या रडत होत्या की मी तर त्याला बरं वाटावं म्हणून दिली. त्यांना मी काय सांगणार होते.

उन्हात पडलेलं, धापा टाकणारं कुत्रं असेल तर मात्र वाट बघायची नाही, सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी टाका, वारा घाला, आणि मग फोन. तिथे मिनिटं महत्त्वाची असतात.

किड्यांबद्दल थोडं जास्त लिहिते कारण पावसाळ्यात आमचे निम्मे फोन त्याचेच असतात. उघड्या जखमेवर माशी बसली की अंडी घालते, आणि साधारण दिवसभरात त्यातून अळ्या निघतात. म्हणजे सोमवारी तुम्ही कानामागे एक छोटी जखम पाहिलीत आणि वाटलं सुकेल आपोआप, तर गुरुवारपर्यंत तिथे बोट आत जाईल एवढं भोक असू शकतं. आणि वरून ते भोक छोटंच दिसतं, आत बोगदे असतात. लोक त्यात फिनाईल ओततात, रॉकेल ओततात. तसं करू नका, ती जखमेची आग असह्य होते, जनावर पळून जातं आणि परत महिनाभर कोणाला जवळ येऊ देत नाही, आणि फिनाईल तर चाटून पोटात जातं. औषध मारून, मग चिमट्याने एकेक काढाव्या लागतात. तासन्‌तास लागतात, वास असा असतो की घरी जाऊन दोनदा आंघोळ केली तरी नाकातून जात नाही. एक म्हातारा कुत्रा होता, मानेवर जखम, मी चिमटा आत घातला की दर वेळी गुरगुरायचा पण मान मात्र हलवायचा नाही. गुरगुर, आणि मान तशीच स्थिर. कॉलेजचा पोरगा टॉर्च धरून बसला होता, शेवटी त्याचा हात थरथरायला लागला, कुत्र्याची मान नाही थरथरली. त्या कुत्र्याला आम्ही पकडू शकलो ते केवळ रोज त्याला खायला घालणाऱ्या एका मावशींमुळे. त्या म्हणाल्या मी बोलावते, तुम्ही लांब उभे राहा, आणि त्यांनी त्याला मांडीजवळ बसवून गळ्यात ओढणी बांधली. आम्ही जाळी घेऊन आठ दिवस फिरलो असतो तरी जमलं नसतं.

मला हेच म्हणायचंय. तुमच्या गल्लीतलं कुत्रं तुम्हाला ओळखतं, आम्हाला नाही.

पिल्लांच्या फोनला मात्र मी उलटी विनंती करते, थांबा, पण हात लावू नका. "मांजराची चार पिल्लं सापडली, आई नाहीये, घेऊन येतो." आई बहुतेक वेळा असते हो. ती खाणं शोधायला गेलेली असते, किंवा तुम्ही तिथे उभे आहात म्हणून समोरच्या भिंतीआडून तुमच्याकडेच बघत असते. लांब जाऊन काही तास बघा. पिल्लं गुबगुबीत आणि झोपलेली असतील तर आई येतेय असं समजा. आईविना राहिलेली पिल्लं ओरडतात, मळलेली असतात, पोट आत गेलेलं असतं. पक्ष्यांच्या पिल्लांचंही तसंच, अंगावर पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू जमिनीवर दिसलं म्हणजे ते पडलंय असं नाही, ते उडायला शिकतंय आणि आईबाप वरच्या फांदीवरून भरवायला येतायत, त्याला फक्त मांजर आणि गाड्यांपासून बाजूला झाडाखाली ठेवा. आणि माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकून देते हे खरं नाहीये, पक्षी तसं करत नाहीत, पिसं नसलेलं पिल्लू असेल तर सरळ उचलून घरट्यात परत ठेवा.

आणि उलटंही लक्षात ठेवा, जखमी कुत्री उचलायच्या आधी तिची आचळं बघा. दुधाने भरलेली असतील तर कुठेतरी तिची पिल्लं आहेत, आणि आपण तिला वाचवायला म्हणून घेऊन गेलो तर ती तिकडे उपाशी मरतात. आम्ही हे सुरुवातीच्या काळात एकदा चुकलोय. तेव्हापासून फोनवर मी हा प्रश्न न चुकता विचारते.

खरंच आई गेलेली पिल्लं असली तर काम किती असतं ते एकदा सांगू द्या, कारण लोक खोका दारात ठेवून जातात आणि त्यांना वाटतं आता सुटलं. डोळे न उघडलेलं पिल्लू, म्हणजे साधारण पहिले दहा ते चौदा दिवस, स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही. पहिल्या आठवड्यात आजूबाजूला ३० डिग्रीच्या आसपास ऊब लागते. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नसतं, आधी ऊब द्यायची, मग दूध, कारण गार पोटात ते पचत नाही. गाईचं दूध चालत नाही, जुलाब होतात, पिल्लांसाठीची पावडर मिळते ती लागते. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पोटावर पालथं ठेवून पाजायचं, माणसाच्या बाळासारखं उताणं नाही, नाहीतर ठसका लागून दूध फुप्फुसात जातं. आणि पाजून झालं की ओल्या कापसाने खालून हळूहळू पुसायचं, कारण एवढ्या लहान पिल्लाला सू-शी आपोआप होत नाही, आई चाटते तेव्हा होते. शाळेतल्या बाई रोज सकाळी प्रत्येकाचं वजन करून वहीत लिहितात. त्या वहीत एखाद्या पिल्लाच्या नावापुढचा आकडा वाढायचा थांबला की पुढच्या दिवशी काय होणार ते त्यांना कळतं, तरी त्या रात्रभर जाग्या राहतात. त्यांच्या वहीची पानं मी पाहिली आहेत, काही नावांपुढे चारच आकडे आहेत.

आता जरा नाराजीच्या विषयाकडे येते. "आमच्या इथली सगळी कुत्री उचलून न्या." हे फोनही प्राण्यांवर राग असलेल्यांचेच असतात असं नाही, लहान मुलं असलेले, म्हातारे आईवडील असलेले, घाबरलेले लोक असतात आणि त्यांची भीती खोटी नाहीये. रेबीजने जगात दर वर्षी अंदाजे ५९,००० माणसं मरतात असं जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब सांगतो, आणि माणसाला होणाऱ्या रेबीजच्या ९९ टक्के केसेस कुत्र्यापासूनच्या असतात. लक्षणं दिसायला लागली की मग जवळजवळ कोणीच वाचत नाही. म्हणून मी त्या भीतीची कधी चेष्टा करणार नाही. पण लुई पाश्चरने १८८५ साली चावलेल्या मुलाला लस टोचली तेव्हापासून हा रोग थांबवण्याचा रस्ता आपल्याला माहिती आहे, आणि एखाद्या भागातल्या कुत्र्यांपैकी ७० टक्क्यांना लस दिलेली राहिली तर तिथे रोगाची साखळी तुटते. आता विचार करा, आम्ही महिनाभर मरमरून तुमच्या भागातली कुत्री पकडली, नसबंदी केली, लस दिली, आणि मग ती लांब नेऊन सोडली. तुमच्याकडे काय राहिलं? मोकळी जागा. तिथे बाजूच्या भागातून नवी कुत्री येणार, लस नसलेली, नसबंदी नसलेली, जागेसाठी भांडणारी. म्हणून त्यांना ऑपरेशन करून, लस देऊन, कानाला खाच करून त्याच जागी परत सोडतात. ती खाच जखम नाहीये, बेशुद्धीत असतानाच करतात, लांबून बघून कळावं की याचं झालंय, याला परत पकडायचं नाही.

आणि इथेही तुमच्याशिवाय आमचं चालत नाही. कुठली कुत्री गाभण आहे, कुठली माजावर आलीये, कुठल्या दोघांना खाच नाहीये, लस द्यायच्या दिवशी सकाळी ती कुठे झोपलेली असतात, हे तुमच्या वॉचमनला आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला माहिती असतं. कुत्रीचे दिवस दोन महिन्यांच्या आसपासच असतात, त्रेसष्ट दिवस धरतात, तुम्ही "पोट दिसतंय" म्हणून फोन करता तोवर बराचसा वेळ गेलेला असतो. त्याच्या आधी सांगा.

चावलंच कोणाला, तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, इंजेक्शन सुरू करा, कशाचीही वाट बघू नका. पण ज्या कुत्र्याने चावलं त्याला मारू नका, हाकलून लावू नका. त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. दहा दिवसांनी ते कुत्रं जिवंत आणि ठणठणीत असलं तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. हाकललंत तर तुम्हाला ते कधीच कळणार नाही, आणि घरचे सगळे महिनोन्‌महिने धास्तीत राहतात. आणि लाळ गळणारं, तोल जाणारं, विनाकारण जे दिसेल त्याला चावणारं कुत्रं दिसलं तर मात्र तिथे बसून राहू नका, सुरक्षित जागी जा, मुलांना आत घ्या, खिडकीतून बघत राहा आणि फोन चालू ठेवा. आमच्यात जे पकडायला जातात त्या सगळ्यांनी आधीच लस घेतलेली असते.

पैशाबद्दल दोन वाक्यं लिहावी की नको असं वाटत होतं, लिहिते. १८२४ साली लंडनमधल्या एका कॉफीहाऊसमध्ये काही माणसं जमली आणि प्राण्यांवरची क्रूरता थांबवायला संस्था काढली, तीच पुढे आरएसपीसीए झाली, आज जगभर नाव आहे तिचं. तिचा पहिला सेक्रेटरी आर्थर ब्रूम नावाचा पाद्री होता, त्याने स्वतःची नोकरी सोडली होती या कामासाठी, आणि संस्थेवर झालेल्या कर्जापायी त्याला तुरुंगात जावं लागलं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या दवाखान्याच्या उधारीची वही डोळ्यांसमोर आली. तुम्ही पैसे दिलेच पाहिजेत असं मी कधीही कोणाला फोनवर म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. पण जुन्या चादरी, टॉवेल, रद्दी, एखादा वापरात नसलेला क्रेट, किंवा रविवारी सकाळी तुमची गाडी आणि दोन तास, हे सगळं आम्हाला लागतं. ऑपरेशन झालेल्या एका मांजराला टाके सुकेपर्यंत आठ-दहा दिवस बाथरूममध्ये ठेवून घ्याल का? तेवढ्याने एक जागा रिकामी होते आणि मला एका फोनवर थांबा म्हणावं लागत नाही.

आणि नंतर विचारा. "काय झालं त्याचं?" एवढंच. फार कमी लोक विचारतात. मला वाटतं लोकांना भीती वाटते की गेलं असं उत्तर येईल. कधीकधी येतंच. पार्वो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा विषाणूचा आजार, झालेलं पिल्लू आम्ही सलाईनवर पाच दिवस ठेवतो आणि सहाव्या दिवशी जातं, डिस्टेंपर, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा तसलाच दुसरा आजार, झालेलं कुत्रं बरं होतंय असं वाटत असताना झटके यायला लागतात, आणि काही वेळा डॉक्टर आमच्याकडे बघतात आणि म्हणतात आता याला सोडवलेलं बरं. तेव्हा आमच्यातलं कोणीतरी त्याचं डोकं हातात धरून बसतं, हा आमचा नियमच आहे, एकट्याला जाऊ द्यायचं नाही. अशा रात्रीनंतर तुमचा मेसेज आला ना, की ताई कसं आहे ते कुत्रं, तर मी खरं ते सांगते, आणि सांगून मलाही बरं वाटतं, कारण त्याची आठवण असलेला अजून एक माणूस आहे.

तो डिलिव्हरीवाला मुलगा रोज विचारायचा. सहा आठवडे. काका त्याला व्हिडिओ पाठवायचे. पिंजऱ्याचं दार उघडायच्या दिवशी तो दोन ऑर्डरच्या मध्ये वेळ काढून आला, हेल्मेट हातातच, आणि बाल्कनीच्या दारात खाली बसला, तसाच चारपाच हात लांब. ती उठली, मागचा उजवा पाय थोडा बाहेर टाकत, घसरत, त्याच्यापर्यंत चालत गेली आणि त्याचे बूट हुंगत बसली.

पुढच्या वेळी फोन लावाल तेव्हा मी तुम्हाला हे विचारीन: ते शुद्धीत आहे का, चालतंय का, रक्त कुठून येतंय, मादी असेल तर आचळं भरलेली आहेत का, आणि तुम्ही किती वेळ थांबू शकता. तुम्हाला खरंच जायचं असेल तर सांगा, लपवू नका, फक्त जायच्या आधी शेजारच्या दुकानातल्या नाहीतर वॉचमनदादांपैकी एकाला तिथे उभं करा आणि त्यांचा नंबर मला द्या. आणि उत्तरं देताना माझ्याशी बोलता बोलता नजर त्याच्यावरच ठेवा, आम्ही निघालोय.

तुमची,
फोनच्या या बाजूची ताई